नीलगुच्छाच्या बुडाशी

मुंज झाली, गुरुगृही सात वर्षे काढली, लग्न झाले, शाळेत संस्कृत शिकवता शिकवता केस पिकले, तरी माझी एक वाढ राहूनच गेली होती. ती रिहे नावाच्या गावात झाली. लहानपणाच्या आठवणी लिहायला बसलेल्या माणसाने मध्येच पन्नाशीनंतरची काही वर्षे घुसडावीत, हे क्रमाला धरून नाही याची मला जाणीव आहे. परंतु वडिलांनी छडीने आणि गुरुजींनी मायेने जे शिकवायचा प्रयत्न केला, ते अखेर ज्या अंगणात माझ्या अंगी लागले ते अंगण वगळून माझ्या घडणीची हकीकत पुरी होणार नाही. म्हणून हे प्रकरण येथे, मुंजीच्या प्रकरणामागोमाग, ठेवतो आहे. वाचकांनी हा क्रमभंग पोटात घालावा.

शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी आणि माझी पत्नी सुमती रिह्याला आलो, तेव्हा हिंजवडीच्या बाजूला संगणकाच्या कंपन्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. तान्हाबाई नावाच्या तिथल्या शेतकरी बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी आपल्या भातखाचरांशेजारची नऊ गुंठे जागा आम्हांला दिली होती. तीवर दोन खोल्या, एक ओसरी आणि पूर्वाभिमुख देवघर एवढेच घर आम्ही बांधले. पहाटे पंपाचा आवाज येई, पावसाळ्यात खाचरांतून बेडकांचा अखंड घोष चाले, आणि सातच्या सुमाराला लांबच्या रस्त्यावरून कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू येई. तो ऐकला की तान्हाबाईंच्या दोन भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत राहणारी लातूरकडची वैशाली चप्पल हातात घेऊन चिखलातून धावत सुटे. या सगळ्या आवाजांत आमच्या घराला सर्वांत ओळखीचा झालेला आवाज होता किल्ल्यांचा. तान्हाबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. शनिवार-रविवारपुरती येणाऱ्या पुण्याच्या लोकांची पाच फार्महाउसे त्यांच्या स्वाधीन होती. दारे उघडणे, झाडलोट करणे, झाडांना पाणी घालणे ही कामे त्या करीत, आणि या कामाचा त्यांना भाताच्या पिकाइतकाच अभिमान होता. सहावी किल्ली आमची. आम्ही पुण्याला गेलो की घर त्यांच्याकडे.

तान्हाबाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. उंच, काटक, आणि बोलण्यात आडपडदा मुळीच नाही. पहिल्या पावसाळ्यात त्या भारंगीची कोवळी पाने पदरात घेऊन आल्या आणि सुमतीला म्हणाल्या, “वैनी, दोन पान्यांतून उकडा, न्हाईतर गुरुजी कडू म्हून ताट सारत्याल.” सुमतीने ती भाजी वालाच्या डाळिंब्या घालून केली. आंबेमोहर भाताच्या वासात ती कडसर चव अशी काही मिसळली की आजही भारंगी म्हटले की माझ्या जिभेला ते ताट आठवते. त्यांच्या घरचे शिजवलेले मात्र मी घेत नसे. विचारले तर “नेम आहे” म्हणत असे. तान्हाबाईंनी एकदाच विचारले होते. नंतर त्या कोवळी पाने, काकड्या, हुलगे असे न शिजवलेलेच आणू लागल्या, आणि मी तो त्यांचा समजूतदारपणा आपला हक्क असल्यासारखा स्वीकारला.

माझ्या अंगणाचेही असेच काही नेम होते. देवाला वाहायचे ते या भूमीतलेच फूल, असा मी संकल्प केला होता. पारिजातक, कुंद, तगर, कोरांटी, भारंगी आणि शेजारच्या डोंगरातून आणलेला पांढऱ्या झुबक्यांचा पापट, एवढ्यांनाच तेथे प्रवेश होता. फार्महाउसवाल्यांच्या कुंड्यांतले रंगीत परदेशी ताटवे पाहून मी मान फिरवीत असे. अशा अंगणात माझा धाकटा मेहुणा एक दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रोप घेऊन उभा राहिला. तो नोकरीनिमित्त पूर्व हिमालयाच्या पायथ्याशी राहत असे. “भाऊजी, हे हायड्रेंजियाच्या कुळातलं आहे, पण कुंडीतलं नव्हे. तिकडे रानात आपोआप वाढतं. अस्सल आपलं.” मी त्याला दहा प्रश्न विचारले. हे कोणत्या बाजारातून आणले, रानातून काढताना स्वतः पाहिले का, पाहिले असल्यास कोणाबरोबर. तो हसत सुमतीला म्हणाला, “ताई, यांनी पेपर तपासायचं अजून सोडलं नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून माझी नजर एकाच कामात तरबेज झाली होती: कोणी कोणाचे पाहून लिहिले आहे ते ओळखण्यात. दोन मुलांनी एकच चूक एकाच ठिकाणी केली की मी दोघांना उभे करीत असे आणि अत्यंत शांत आवाजात म्हणत असे, “मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारतो आहे.” त्या शांतपणाचा मला गर्व होता. मी कधी कोणावर हात उगारला नाही. उगारायची गरजच पडत नसे.

कोशांत त्या रोपाचे नाव सापडले नाही. मीच त्याला नीलगुच्छ म्हणू लागलो. फणसाच्या उत्तरेला, जिथे दुपारचे ऊन पोचत नाही, तिथे तांबड्या मातीत हातभर खोल खड्डा घेऊन, तळाशी कुजलेला पाचोळा घालून ते लावले. वीतभर लांबीची, कडेला बारीक दाते असलेली त्याची पाने जरा ऊन लागले की मान टाकीत आणि संध्याकाळी पाणी मिळताच उभी राहत. दुसऱ्या श्रावणात त्याला मण्यांसारख्या कळ्यांचे झुबके आले आणि ते उमलले तेव्हा त्यांचा निळा रंग असा होता की मी पळीतले पाणी सांडून ओसरीवरच उभा राहिलो. विष्णूला वाहायला याहून योग्य फूल मी आयुष्यात पाहिले नव्हते. त्या आनंदातच मी त्या चातुर्मासापासून घरी सकाळ-संध्याकाळ अग्निहोत्र सुरू केले. गोवऱ्या, तूप आणि अक्षता यांची ती नित्याची आहुती झाली की उरलेले भस्म पायदळी जाऊ नये म्हणून मी नीलगुच्छाच्या बुडाशी नेऊन ठेवीत असे. अंगणातली ती मला सर्वांत पवित्र जागा वाटे.

पुढच्या आषाढात सुमतीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि आम्ही आठ दिवस पुण्याला राहिलो. परतलो तेव्हा पहिली गोष्ट माझ्या नजरेस पडली ती नीलगुच्छाच्या बुडाशी हलवलेली माती. कोणी तरी ती खालवर केली होती. मी मनात नोंद केली. श्रावण लागला, कळ्या फुगल्या, आणि एका सकाळी मी परडी घेऊन गेलो तर झुबके गुलाबी होते. जांभळट नव्हे, फिकट नव्हे, बाजारातल्या बर्फाच्या गोळ्यासारखे गुलाबी. मी जवळ जाऊन, चष्मा पुसून, पान उलटे करून पाहिले. पान तसेच होते, खोड तितकेच होते, पण खोडाला खूण म्हणून मी तरी कधी काय केले होते? परडी रिकामी घेऊन मी घरात आलो आणि सुमतीला म्हणालो, “आपले झाड बदलले आहे.”

“बदललंय म्हणजे रंग बदललाय?”

“झाड बदलले आहे. कोणीतरी.”

ती पट्टी काढलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. “अहो, झुडूप बदलून कोण कशाला नेईल?”

मला कारणही मिळाले. नेऱ्याकडून टेम्पो घेऊन फिरणारा एक रोपवाटिकेचा माणूस त्या उन्हाळ्यात आमच्या कुंपणाशी दोनदा थांबला होता, आणि अशा निळ्या फुलाला फार्महाउसवाल्यांची मागणी असते असे त्याने तान्हाबाईंच्या देखतच सांगितले होते. त्याच आठवड्यात, दूध आणायला गेलो असताना, वैशालीच्या दारात तेलाच्या जुन्या डब्यात एक झुडूप दिसले. त्याला तीन झुबके होते. तिन्ही निळे. वैशालीला विचारले तर ती पोळीचा डबा पिशवीत कोंबत म्हणाली, “काका, मावशींनी दिलंय. कुठून आणलं मला आयडिया नाही. बस चुकेल माझी.”

सुमतीने मला सांगितले की आदल्या पावसाळ्यात छाटलेल्या दोन काड्या तिनेच तान्हाबाईंना दिल्या होत्या. मी म्हणालो, वर्षाची काडी एवढे झुबके धरत नाही. हे मी कशाच्या आधारावर म्हणालो? कशाच्याच नाही. आज हे लिहिताना मला आश्चर्य वाटते ते याचे की ज्या माणसाने कोशात नाव सापडेपर्यंत शब्द उच्चारला नसता, त्याने झाडाविषयी हे विधान इतक्या खात्रीने केले. हलवलेली माती, आमची गैरहजेरी, त्यांच्याकडची किल्ली, टेम्पोवाला, निळा झुबका. माझ्या तपासणीच्या सवयीने या पाच गोष्टी एका ओळीत लावल्या आणि लाल शाईने खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचा आवाज ओसरीपर्यंत आला तेव्हा मी वाटच पाहत होतो.

“तान्हाबाई, आम्ही नसताना नीलगुच्छाच्या बुडाशी कोणी खणले?”

“म्याच की. पानी मुरंना बुडाला. वर राखंची खापरी धरली हुती, ती खुरप्यानं फोडली.”

“राख नव्हे. भस्म म्हणा.”

“बरं, भस्म. भस्माची खापरी फोडली,” त्या म्हणाल्या, आणि आतून सुमतीला हसू फुटलेले ऐकू आले. मी हसलो नाही. त्या पुढे काहीतरी सांगू पाहत होत्या. “गुरुजी, त्या राखं... भस्माचं मी म्हंते, आमी राबाला जाळतो तवा...”

“ते राहू द्या. आमची फुले गुलाबी झाली, ती कशी?”

“आता मला इचारताय? झाड तुमचं, द्येव तुमचा.”

“आणि वैशालीच्या दारात निळे कसे?”

तान्हाबाईंच्या ओठांवरचे हसू हळूहळू मावळले. त्यांनी आधी माझ्याकडे, मग झाडाकडे, मग आपल्या कमरेच्या जुडग्याकडे पाहिले. “म्हंजी? म्या बदाललं म्हंताय तुमी?”

“मी काही म्हणत नाही,” मी म्हणालो. “मी फक्त विचारतो आहे.”

“न्हाई, गुरुजी. इचारनं येगळं आन् ह्ये येगळं.” त्यांनी जुडग्यातून आमची किल्ली काढायला सुरुवात केली. कडी जुनी होती, लवकर निघेना. दोन्ही हातांची नखे लावून त्यांनी ती सोडवली आणि ओसरीच्या कठड्यावर ठेवली. “आयतवारी देवळात या. चार मान्सांत बेलभंडार उचलते. मंग तुमी जानं आन् भैरवनाथ जानं.”

ज्यांना हा प्रघात ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावदेवापुढे बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शब्द उच्चारायचा, याला बेलभंडार उचलणे म्हणतात. खोटे बोलून तो उचलणाऱ्याच्या घरावर देवाचा कोप होतो अशी श्रद्धा आहे, त्यामुळे माणसे साध्यासुध्या कारणासाठी तो उचलत नाहीत. एका झुडपासाठी तर नाहीच. सुमती मला म्हणाली, “जाऊ नका. आत्ताच त्यांच्या घरी जा आणि म्हणा, राहू द्या.” मी त्यांच्या घरी गेलो नाही. मी देवभक्त माणूस आहे, देवापुढे सत्य निघत असेल तर मी आड का यावे, असा माझ्या मनाने युक्तिवाद केला. आयुष्यात मी रचलेल्या सर्व युक्तिवादांत हा सर्वांत निर्दोष बांधणीचा आणि सर्वांत लाजिरवाणा होता.

रविवारी देवळात पंधरा-वीस माणसे होती. गुरवाने पान आणि भंडारा तान्हाबाईंच्या तळहातावर ठेवला. त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “गुरुजींचं झाड म्या न्हेलं आसंल, बदाललं आसंल, इकलं आसंल, तर भैरवनाथ माझ्या खाचरात भाताचा दाना ठिवू नको.” आणि त्या वेळी मी कोठे पाहत होतो? देवाकडे नव्हे. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. हात थरथरत होता. साठीकडे झुकलेल्या, भर पावसात दोन दिवस भाताची आवणी करून आलेल्या बाईचा हात थरथरणारच, परंतु मी ती थरथर घरी घेऊन आलो. दहा वर्षांचा असल्यापासून ज्या देवाची मी पूजा करीत आलो, त्याच्यापुढे उच्चारलेल्या शब्दावरही माझा विश्वास बसला नाही. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षे लागली.

गोष्ट गावात राहिली नाही. शनिवारी येणाऱ्या मंडळींच्या कानी गेली, आणि जाताना तिच्यातला बेलभंडार गळून पडला. उरले ते एवढेच, की तान्हाबाईंवर कुणाचे तरी झाड नेल्याचा आळ आहे. पहिली किल्ली नांद्याच्या रस्त्यावरच्या बंगल्याने परत मागितली, अगदी गोड बोलून. दिवाळीपर्यंत आणखी तीन गेल्या. एकच उरली, आणि एका किल्लीचा आवाज होत नाही. तान्हाबाई आमच्या कुंपणावरून जात तेव्हा मला त्या गेल्याचे कळतही नसे. भारंगी त्या वर्षी आमच्या घरात शिजली नाही. सुमती माझ्याशी आवश्यक तेवढेच बोले, ताट वाढी, औषधाची वेळ सांगे. गुलाबी फूल मी देवाला वाहिले नाही. खोटे फूल, असे मी त्याला मनात म्हणत असे, आणि तरीही अग्निहोत्राचे भस्म नेमाने त्याच्याच बुडाशी ठेवीत असे, कदाचित त्याने पुन्हा पवित्र व्हावे म्हणून.

दिवाळीच्या आधीच, भाद्रपदात, झडी ओसरता ओसरता, तान्हाबाई एक दिवस हातात विळा घेऊन कुंपणापाशी उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. “गुरुजी, भंडारा उचलला तरी तुमच्या मनातला संशय फिटला न्हाई. खरं का खोटं?”

मला खोटे बोलता आले नाही. “नाही फिटला,” मी म्हणालो.

“मंग ह्या गुलाबी झाडाची एक काडी तोडा. तुमच्या हातानं. तुमची खून बांधा तिला. मी माझ्या बांधाव लावते. म्होरल्या सरावनात बगाय या.”

“त्याने काय होणार?”

“ते तवा सांगीन. आत्ता सांगून काय उपेग?”

मी मनात म्हणालो, हिचा यात काय डाव असेल? तरीही काडी तोडली. पूजेतला लाल-पिवळा नाडा घेऊन, सहज सोडता येणार नाही अशा सात गाठी तिला मारल्या. गाठी मारताना तान्हाबाई माझ्या बोटांकडे बघत होत्या. “अजून येक मारा,” त्या म्हणाल्या. “आट बऱ्या.” त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की सौजन्य, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. मी आठवी गाठ मारली.

वर्ष कसे गेले ते विस्ताराने सांगण्यात अर्थ नाही. मी चार-पाच वेळा तरी फिरण्याच्या निमित्ताने त्या बांधावरून गेलो आणि नाडा मोजला. होय, गाठी मोजल्या. आठ होत्या. पौष-माघात काडीला पाने होती. फाल्गुनात तान्हाबाई आणि त्यांच्या यजमानांनी राब भाजला, म्हणजे भाताची रोपे करायच्या तुकड्यावर शेण, पाला आणि फांद्या पसरून जाळल्या. धूर आमच्या देवघरापर्यंत आला. मी खिडकी लावून घेतली.

श्रावणातल्या एका सकाळी वैशालीने बसला जाता जाता फाटकातून हाक मारली, “काका, मावशी म्हणाल्या, झाड फुललंय. एकटेच या म्हणाल्या.” मी छत्री घेतली. बांधावर चिखल होता, चप्पल हातात घ्यावी लागली, आणि त्या वयात वैशालीसारखे अनवाणी जाताना मला स्वतःचेच हसू यायला हवे होते. पण आले नाही. तान्हाबाई खाचराच्या कडेला पानांचे इरले पांघरून उभ्या होत्या. त्यांनी बोट दाखवले. बांधावर गुडघाभर उंच झुडूप होते. त्याच्या बुंध्याला माझा नाडा, पावसाने रंग गेलेला, आठही गाठींसह तसाच होता. आणि त्या माझ्या गुलाबी झाडाच्या काडीला एकच झुबका आला होता. निळा. तोच निळा, ज्याच्यापुढे माझ्या हातची पळी सांडली होती.

“आता हिकडं,” त्या म्हणाल्या आणि मला राबाच्या तुकड्याच्या कडेला घेऊन गेल्या. तेथे आणखी एक लहान झुडूप होते. त्याला बर्फाच्या गोळ्यासारखी गुलाबी फुले होती. “ही वैशालीच्या डब्यातल्या निळ्या झाडाची काडी. गेल्या सालीच लावली. मला बी पक्की खातरी न्हवती, म्हून दोन जागी लावून बगितलं. तुमची गुलाबी हितं निळी झाली. आमची निळी राबाच्या राखंत गुलाबी झाली. गुरुजी, राखंनं माती बदलती. राबातलं तन बी येगळं आन् बांधावरलं येगळं, ह्ये आमच्या चार पिढ्या बगत्यात. तुमी दोन येळंला त्या झाडाच्या बुडाशी राख घालताय. कुनी बदाललं न्हाई त्ये. तुमीच बदाललं.”



“तुम्हांला हा अंदाज पहिल्या दिवसापासून होता,” मी म्हणालो. “मग बोलला का नाहीत?”

“बोलाय लागले की. राख म्हनले, तर तुमी म्हनलात भस्म म्हना.” त्यांनी झुबक्यावरचा एक मुंगळा बोटाने उडवला. “आन् त्यात भंडारा उचलला तरी पटलं न्हाई तुमाला. मंग राखंचं कसं पटलं आसतं?”

मी चिखलातच वाकलो. त्यांनी माझे खांदे धरले. त्यांच्या हातांत ताकद होती, आणि या वेळी ते मुळीच थरथरत नव्हते. “उटा. पाया पडून काय हुतंय? माझ्या चार किल्ल्या गेल्या, त्या काय हितं चिखलात पडल्यात व्हय?”

पुढच्या रविवारी मी देवळात गेलो. लोकांना बोलावण्यासाठी मी आदल्या दिवशी घरोघर हिंडलो होतो, फार्महाउसवाल्यांच्या घरीसुद्धा. त्यांच्यापैकी तिघे आले. गुरव गोंधळून म्हणाला, “गुरुजी, तुमी कशाचा भंडारा उचलताय?” मागे खांबाला टेकून बसलेल्या तान्हाबाई म्हणाल्या, “उचलू द्या त्यास्नी. माजं ऐकलंत, तसं त्यांचं बी ऐका.” मी पान आणि भंडारा हातावर घेतला आणि म्हणालो की तान्हाबाईंनी माझे काहीही नेले नाही, माझ्या झाडाचा रंग माझ्याच हाताने गेला, आणि देवासमोर उच्चारलेल्या त्यांच्या शब्दावर मी अविश्वास ठेवला. सभेत शेकडो वेळा बोललेला माझा आवाज तिसऱ्या वाक्याला फुटला. पुढच्या काही महिन्यांत दोन किल्ल्या परत आल्या. उरलेल्या दोन कधीच आल्या नाहीत. आळ घेणाऱ्याचा शब्द जितक्या लांब जातो तितक्या लांब त्याचा कबुलीजबाब जात नाही, हे मला त्या दोन बंद दारांनी शिकवले.

आमच्या घराची किल्लीही मी त्या दिवशी देवळाच्या पायरीवर त्यांच्यापुढे धरली होती. त्यांनी ती घेतली नाही. “ऱ्हाऊ द्या सध्या,” त्या म्हणाल्या. “आदी झाडाची राख उतरू द्या.” आणि जाता जाता मागे वळून, “राख टाकू नका कुटं. डब्यात साठवा. आमच्या राबाला लागती.”

तेव्हापासून अग्निहोत्राचे भस्म पत्र्याच्या डब्यात साठू लागले आणि दर फाल्गुनात ते त्यांच्या राबावर जाऊ लागले. त्या तुकड्यावरच्या रोपांचा आंबेमोहर आमच्या देवाच्या नैवेद्याला येतो. पहिल्या वर्षी तान्हाबाईंनी तो शिजवूनच आणला, पितळेच्या डब्यात, वर तुपाची धार सोडून. डबा ओसरीवर ठेवून त्या उभ्या राहिल्या. निघून गेल्या नाहीत. सुमतीने माझ्याकडे पाहिले. मी पाट मांडला आणि जेवलो. नेमाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

नीलगुच्छाला मात्र घाई नव्हती. बुडाशी मी ओंजळ-ओंजळ घालत राहिलेले भस्म मातीतून धुऊन जायला तीन पावसाळे लागले. पहिल्या श्रावणात फूल गुलाबीच होते. दुसऱ्या श्रावणात ते ना गुलाबी ना निळे, एखाद्या जखमेभोवतीच्या कातडीसारखे जांभळे होते, आणि तरी मी ते देवाला वाहिले. आमची किल्ली देवघराच्या खिळ्याला टांगलेली होती. दर श्रावणात तान्हाबाई कुंपणापाशी थांबत, आत वाकून पाहत आणि एवढेच म्हणत, “न्हाई उतरली अजून.” मीही “नाही” म्हणत असे. आम्ही दोघेही झाडाविषयीच बोलत असू.

तिसऱ्या श्रावणात, सोमवारी सकाळी, झुबका उमलला तेव्हा मी परडी आत नेली नाही. तो तोडून कुंपणापाशी गेलो आणि त्यांची वाट पाहत उभा राहिलो. तीन किल्ल्यांचा आवाज आला. मी फूल त्यांच्या तळहातावर ठेवले, जेथे एकदा भंडारा ठेवला गेला होता. त्यांनी ते उजेडात धरले, एकदा फिरवले, पुन्हा एकदा फिरवले.

“उतरली,” त्या म्हणाल्या. मग फूल माझ्या हातात परत दिले, “द्येवाला न्या,” म्हणाल्या, आणि दुसरा हात पुढे करून तसाच धरून ठेवला. मी आत गेलो, खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्या हातात ठेवली.